रामनाथकाकांची टेबलं

बोईसर
६ जानेवारी २०२५

प्रिय सुलूआत्या,

फोन करणार नाही, निश्चिंत राहा. बाबांनी दम भरलाय. "तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तू फोन लावलास की ती बोलल्याशिवाय राहायची नाही." म्हणून ईमेल. हे वाचायला गळा लागत नाही.

खरं तर तुझी तब्येत विचारायला लिहायला हवं होतं, पण मी अडचणीत आहे. तू विमा कंपनीत सगळी नोकरी डेटाबेस सांभाळण्यात घालवलीस, आणि आमच्या घराण्यात ते काय असतं हे कळणारी तू एकटीच.

आमचं रक्तकेंद्र तुला माहीत आहे. सिकलसेलचे रुग्ण, त्यांच्या तपासण्या, रक्तदाते, सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर आहे. रामनाथकाका चुरींनी ती सगळी रचना एकट्याने केली, फुकट, आवडीने. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर त्यात कोणी हात घातला नाही, नुसतं वापरत राहिलो. आता तो कॉम्प्युटर सुरू होताना असा घरघरतो की सगळे त्याच्याकडे बघत उभे राहतात. नवं मशीन आलंय. ते बसवायला कमलेश नावाचा मुलगा येतो. त्याने जुन्या मशीनमधली सगळी माहिती काढून बावीस शीट बनवली आणि म्हणाला, "हो गया मॅडम, डेटा तो आ गया."

आत्या, आलंय खरं, पण मला त्यातलं काही लागत नाही. नुसते आकडे. हा रुग्ण कुठल्या गावचा, ही तपासणी कुणाची, काही जुळत नाही. महिनाअखेर जुनं मशीन बंद करायचं ठरलंय. मी काय करू?

तुझी
हेमांगी

*

शिरगाव
८ जानेवारी २०२५

चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी खूश झाले की बोलायला तोंड उघडलं आणि तुझ्या काकांनी पाटी पुढे केली. आठवडाभर पाटीवर संसार चाललाय. "चहात साखर कमी" असं मोठ्या अक्षरात लिहिताना भांडणातली सगळी मजा जाते बघ.

आता तुझ्या कमलेशचं. वाईट मुलगा नसणार, पण त्याने घरातलं सामान अंगणात ओतलंय आणि घर तिथेच सोडून आलाय. टेबल म्हणजे नुसत्या ओळी नव्हेत. कुठल्या कॉलममध्ये काय बसेल, किती लांबीचं, रिकामं चालेल की नाही, कुठला आकडा दुसऱ्या कुठल्या टेबलाकडे बोट दाखवतो, हे सगळं टेबल तयार करताना सांगावं लागतं. ते सांगणारं वाक्य म्हणजे 'क्रिएट टेबल'. रामनाथरावांनी तशी बावीस वाक्यं कधीतरी लिहिली असणार. ती आता सापडणार नाहीत. शोधत बसू नकोस, गरजही नाही.

कारण डेटाबेसला स्वतःबद्दल सगळं ठाऊक असतं. तुझ्या रुग्णांची टेबलं असतात तशी त्याची स्वतःची आतली टेबलं असतात. एकात सगळ्या टेबलांची नावं, एकात सगळे कॉलम, एकात कोण कुणाशी जोडलंय ते. त्यांना प्रश्न विचार, आणि उत्तरं अशी जोडून घे की प्रत्येक उत्तर म्हणजे एक आख्खं 'क्रिएट टेबल' वाक्य तयार होईल. ती वाक्यं नव्या मशीनवर चालवलीस की तेच घर तिथे उभं राहील. मग सामान आत न्यायचं.

हे करून देणारी तयार साधनं असतात. कमलेशला विचार. नसेल जमत तर हाताने करू. सोबत पहिला प्रश्न लिहून पाठवतेय.

आणि भेटायला येऊ नकोस. आलीस की मी बोलणार.

सुलूआत्या

*

बोईसर
१४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तिळगूळ घे. गोड बोल असं यंदा म्हणता येत नाही, गोड लिही.

तयार साधनाचं कमलेशने करून पाहिलं. जुनी आवृत्ती इतकी जुनी आहे की नवं साधन तिला ओळखतच नाही. तेव्हा हातानेच. तू पाठवलेला प्रश्न जुन्या मशीनला विचारला आणि पडद्यावर एकामागून एक बावीस नावं उमटली. रुग्ण, दाता, तपासणी, गाव, सेविका... रामनाथकाकांनी सगळी नावं मराठीच ठेवलीत, फक्त इंग्रजी लिपीत आणि काही तोडून-मोडून. मला एकदम काका समोर बसल्यासारखे वाटले.

मग वाक्यं जुळवायला लागले. शेवटच्या कॉलमनंतर स्वल्पविराम तसाच राहिला की सगळं वाक्य नापास! कमलेश मागे उभा राहून म्हणाला, "मॅडम, इतनी मेहनत किसके लिए? शीट में सब कुछ है." मी म्हटलं, "शीटमध्ये गावांच्या क्रमांकाच्या पुढची शून्यं कुठे गेली सांग." त्याने बघितलं. खुर्ची ओढून बाजूला बसला. तेव्हापासून तो माझ्या बाजूने आहे.

पण काल फजिती झाली. सात टेबलं नव्या मशीनवर उभी राहिली, मी आनंदाने त्यात तपासण्या भरल्या आणि डॉ. दीपा मॅडमना दाखवायला नेलं. त्या आमच्या रक्तकेंद्राच्या प्रमुख. बघून म्हणाल्या, "हेमांगी, तुझ्या मशीनने सगळ्यांचं हिमोग्लोबिन पूर्णांकात केलंय. हिचं सात पॉइंट सहा होतं, तू आठ केलंस. रक्त न चढवताच बरी केलीस की गं पोरीला!" सगळे हसले. मीही हसले. पण चुकलं कुठे?

आणि गाव टेबल सेविका टेबलाशिवाय बनत नाही, सेविका गावाशिवाय बनत नाही. दोघी दारात उभ्या, तू आधी, तू आधी.

हेमांगी

*

शिरगाव
१५ जानेवारी २०२५

चि. हेमांगी,

चुकलं असं की 'दशांश' एवढंच लिहिलंस. किती अंकी आणि त्यातले किती दशांशानंतर, हे आतल्या टेबलात दोन वेगळ्या कॉलममध्ये असतं. ते तू घेतलंच नाहीस, मशीनने आपल्या मनाने शून्य धरलं. ते दोन्ही जोड. मजकुराच्या कॉलमची लांबीही तशीच. आपोआप भरायच्या किमती आणि 'रिकामं चालणार नाही' हेही बघून घे.

गाव आणि सेविका: आधी सगळी टेबलं नाती न सांगता बनव. सगळी उभी राहिली की मग नाती सांगणारी वाक्यं वेगळी चालव. नाती शेवटी. मी हे पहिल्या वर्षी रडत शिकले होते, तू दोन ओळींत शिकलीस.

पत्रासोबत जोडलेली तुझी यादी बघितली. एकवीस टेबलं मला समजली. 'व्हीआरजे' नावाचं शेवटचं आहे ना, ते सोडून दे. दोनच कॉलम, दोन्ही नुसते आकडे. माणूस काही करून बघताना असं टेबल बनवतो आणि पुसायचं विसरतो. माझ्या ऑफिसात असले ढीग होते. कचरा नव्या घरात नेऊ नये.

पुढचा आठवडा मला पत्र लिहायला जमणार नाही बहुतेक. घरात थोडी कामं आहेत. तू लिहीत राहा.

सुलूआत्या

*

बोईसर
२२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

रागावू नकोस. मी तुझं ऐकलं नाही.

व्हीआरजे मी सोडलं होतं. पण नाती काढणारा प्रश्न सगळ्या टेबलांना एकदम विचारते, त्यामुळे उत्तरात त्याचीही वाक्यं आली. वाचून मी थबकले. पहिला कॉलम रुग्ण टेबलाकडे बोट दाखवतो. दुसरा 'उपगट' टेबलाकडे, म्हणजे ए, बी, ओ च्या पलीकडचे रक्ताचे जे बारीक प्रकार असतात त्यांची यादी. आणि दोन्ही कॉलम मिळून एक 'प्रायमरी की', म्हणजे तीच जोडी पुन्हा येता कामा नये. आत्या, करून बघायला बनवलेल्या टेबलाला कोण इतकं बांधून ठेवतं?

रुग्ण आणि रक्ताचा उपगट. व्हीआरजे. मी ते तोंडाने म्हणून पाहिलं. व-र-ज. वर्ज्य!

धावत दीपा मॅडमकडे गेले. त्यांना म्हटलं, "मॅडम, एखाद्या रुग्णाला एखादा उपगट वर्ज्य असतो का?" त्या हातातलं काम ठेवून उठल्याच. म्हणाल्या, "रामनाथराव ते कुठेतरी नोंदवायचे. मला वाटलं त्यांच्याबरोबरच गेलं."

त्यांनी मला समजावलं ते असं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाचं शरीर कधीकधी एखाद्या उपगटाशी वैर धरतं. ते वैर काही महिन्यांनी इतकं मंदावतं की रक्त जुळवून पाहिलं तरी दिसत नाही. सगळं ठीक म्हणून ते रक्त चढवलं की वैर जागं होतं आणि आठवड्याभरात शरीर चढवलेलं रक्त फोडायला लागतं. माणूस दगावू शकतो. म्हणून एकदा सापडलेलं वैर कायमचं लिहून ठेवायचं असतं.

टेबलात ज्यांची नावं निघाली त्यात एक लाडकी. कोंढपाड्याची, बावीस वर्षांची. सिकलसेलने तिचा खुबा झिजलाय, भिंत धरून चालते. १२ फेब्रुवारीला तिचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय आणि रक्त आमच्याकडून जायचंय. तिच्यापुढे 'किड' नावाचा उपगट वर्ज्य आहे. तिचं रुग्णकार्ड वीटभट्टीवर हरवलं, मॅडमनी तिची आई नवसीबाई हिला विचारलं तर ती म्हणाली, "रगत चढवला व्हता दोनदा. दुसऱ्यांदा लय ताप आलता, डोलं पिवलं झालं व्हतं. आमाला वाटला कावील." पाठवायच्या बाटल्या निवडून ठेवल्या होत्या आत्या. मॅडमनी त्या तपासल्या. दोन्हीत किड आहे.

आता व्हीआरजेचं वाक्य लिहायला बसतेय.

हेमांगी

*

शिरगाव
२३ जानेवारी २०२५

हेमांगी,

पत्र तीनदा वाचलं. मी कचरा म्हटलं आणि तू ते वाचून बघितलंस. शाबास! याहून जास्त लिहीत नाही, डोळे भरून येतात आणि पाटीवर तेही सांगता येत नाही.

बावीसच्या बावीस टेबलं उभी कर. कुणाचंही ऐकून एकही सोडू नकोस, माझंसुद्धा.

सुलू

*

बोईसर
३१ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

आठवडाभर तुझं काही नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "मुंबईला गेलेत दोघं, लग्न आहे कुणाचं तरी." मला सोडून लग्नाला? असो. बातमी ऐक.

उभं राहिलं!

काल दुपारी आम्ही सगळी वाक्यं एका फाइलमध्ये ओळीने लावली. आधी बावीस टेबलं, मग नाती. नवं मशीन पूर्ण रिकामं केलं आणि फाइल चालवली. कमलेश पडद्याला नाक लावून एकेक नाव मोठ्याने वाचत होता. "रुग्ण, ओके. दाता, ओके. गाव, ओके." नात्यांपाशी आलो तेव्हा मी डोळेच मिटले. शेवटचं वाक्य वर्ज्यचं होतं. "ओके!" म्हणून तो ओरडला आणि बाहेर रक्त द्यायला आलेली माणसं आत डोकावली. एकही चूक नाही आत्या, लाल रंगाची एक ओळ नाही.

मग जुन्या मशीनमधून माहिती पुन्हा काढली, शून्यांसकट, दशांशांसकट, आणि भरली. एका जागी मशीन अडलं: ही तपासणी ज्या रुग्णाची म्हणतेस तो रुग्णच नाही. पूर्वी मी वैतागले असते. आता वाटलं, नाती कामाला लागली! नोंद तपासली, क्रमांक चुकला होता, दुरुस्त केला.

आणि पहिला खरा प्रश्न विचारला. लाडकीच्या गटाचं रक्त असलेले, किड नसलेले दाते कोण? तीन नावं आली. एक जण सुरतला राहायला गेलाय. दुसरीने नुकतंच रक्त दिलंय, तिचं इतक्यात घेता येत नाही. तिसरा सुजित तामोरे, इथल्या किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. फोन बंद. मी कमलेशच्या मोटारसायकलवर बसून दांडीला गेले. सुजितची आई बोंबील वाळवत होती. म्हणाली, "तो दर्यान हाय. बोट परवा येल नायतर तेरवा." मी काम सांगितलं. तिने कपाळाला हात लावला नाही की काही नाही, फक्त म्हणाली, "आला का तसाच धाडतू. अंघोल पन नाय करून देत."

एकाच माणसाची एकच बाटली मिळणार. मॅडमना दोन हव्यात. दुसरी कुठून आणायची ते अजून कळत नाही.

लिही ना काहीतरी.

हेमांगी

*

शिरगाव
३ फेब्रुवारी २०२५

चि. हेमांगी,

लग्न नव्हतं. तुझ्या बाबांना मीच तसं सांगायला लावलं होतं.

गळ्यातून काढलेली गाठ तपासायला पाठवली होती. पहिला अहवाल नीट आला नाही, म्हणून मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे पुन्हा नेली. महिनाभर आम्ही दोघं एका घरात, मला बोलायची बंदी आणि तुझ्या काकांना बोलवत नव्हतं. तुला भेटायला येऊ दिलं नाही ते याच कारणासाठी. तू माझं तोंड बघितलं असतंस तर ओळखलं असतंस. त्या दिवसांत तुझी पत्रं आली नसती तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. तू चुकलीस की मला काम मिळायचं.

काल अहवाल आला. साधी गाठ. काही नाही. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू बोला." मी पहिला शब्द काय बोलले असेन? तुझे काका म्हणतात मी नुसतीच "अगंबाई" म्हणाले.

आता तुझी दुसरी बाटली. दाते शोधताना तू फक्त दाता टेबलातलेच बघितलेस ना? तुमच्याकडे रुग्णांच्या घरच्यांच्याही तपासण्या झाल्यात, तुझ्या यादीत 'नातलग' नावाचं टेबल आहे. त्यांचे गट नोंदलेले असतील. दोन्ही टेबलं एकत्र करून विचार. आता तुझ्याकडे नाती आहेत, वापर की.

सुलूआत्या

*

बोईसर
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग बाबांवर चिडले, मग आईने गोड शिरा केला. एवढं सगळं एका सकाळी.

तू म्हणालीस तसं विचारलं. दोनच नावं जास्तीची आली. एक म्हातारे आजोबा, त्यांचं रक्त घ्यायचं वय राहिलं नाही. दुसरा रूपेश, जव्हारच्या बाजूच्या एका रुग्णाचा मामा. तिथल्या आरोग्यसेविकेने त्याला गाठलं. तो यापूर्वी कधी रक्त द्यायला आला नव्हता, घाबरला होता. विचारत होता, "माजा रगत दिला तर माजी भाची बरी व्हईल का?" मॅडम म्हणाल्या, "तुझी भाची नाही, दुसरी एक पोर बरी होईल." त्याने बाही वर केली.

सुजित तर बंदरावरून थेट आला. अंगाला मासळीचा वास, केसांत मीठ. आईने खरंच अंघोळ करू दिली नव्हती.

दोन बाटल्या ११ तारखेला आमच्या गाडीने गेल्या. १२ ला ऑपरेशन. मी दिवसभर काही काम केलं नाही, नुसती वावरत होते. संध्याकाळी मॅडमना फोन आला. त्या ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मग अंगठा वर केला. आत्या, आमच्या केंद्रात सगळे नाचले. कमलेशने समोरच्या टपरीवरून सगळ्यांना कटिंग आणि वडापाव आणला. त्याचा तिथे काही संबंधही नव्हता त्या दिवशी, असाच आला होता.

आता आठवडाभर थांबायचं. वैर जागं होतं का बघायचं.

हेमांगी

*

बोईसर
२४ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तू परवा इथे येऊन दोन तास न थांबता बोललीस. डॉक्टरांच्या 'हळूहळू'चा अर्थ तू तुझ्या सोयीने घेतलास हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तरी लिहितेय. आता लिहिल्याशिवाय काही घडलं असं वाटत नाही.

आज लाडकी आली होती.

तिचा आठवडा नीट गेला हे तुला सांगितलं होतंच. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही. पण मी तिला ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं. आपल्या केंद्राच्या पायऱ्या तुला माहीत आहेत, उंच आहेत. मी खिडकीतून बघत होते. नवसीबाई हात द्यायला पुढे झाली, तर लाडकी म्हणाली, "सोड ना आये, मी येतंय." आणि काठी टेकत आली. एक एक करून सगळ्या चढली. वर आल्यावर घाम पुसला आणि मलाच म्हणाली, "कवरा उंच बांधलाय तुमी!"

मी तिला नव्या मशीनवर तिचं पान दाखवलं. तिचं नाव, गट, आणि खाली ठळक लाल अक्षरांत: वर्ज्य, किड. आता कुठल्याही रुग्णाला बाटली द्यायच्या आधी हे पान समोर आल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, तसं कमलेशने करून दिलंय. त्या टेबलात लाडकीसारखे आणखी आहेत. मॅडमनी त्या प्रत्येकाला बोलावून नवं कार्ड दिलं.

लाडकी पडद्यावर बोट ठेवून सावकाश वाचत होती. सातवीपर्यंत शिकलीय. एका जागी थांबली.

"हा चुकलाय."

मी घाईने पडद्यावर वाकले. "काय चुकलं?"

"आमचा पाडा कोंडपाडा हाय. तुमी कोंढपाडा लिवलाय. कोंढ नाय."

आत्या, इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. रामनाथकाकांनीही ऐकून लिहिलं असणार. मी गाव टेबल उघडलं, त्या एका ओळीत एक अक्षर बदललं आणि तिचं पान पुन्हा उघडून दाखवलं. कोंडपाडा.

"आनि माझ्या आयेचा?"

आईचं उघडलं. कोंडपाडा. तिच्या चुलत्याचं, शेजारच्या घराचं, पाड्यात ज्याची ज्याची तपासणी झालीय त्याचं. सगळीकडे कोंडपाडा.

"समद्यांचा? एका दमात?"

"सगळ्यांचं. गाव एकाच जागी लिहिलंय, बाकी सगळे तिथे बोट दाखवतात."

तिने आईला पुढे ओढलं आणि पडदा दाखवला. नवसीबाईला वाचता येत नाही. तिने ते अक्षर बराच वेळ निरखलं, मग लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली.

"आता बराबर हाय," म्हणाली.

तुझी
हेमांगी